घरातली मराठी चुकीची ठरली तेव्हा

अमेरिकेत, हर्नडनमध्ये दर रविवारी मी मुलांना मराठी शिकवते. वर्गात एक बारा वर्षांची मुलगी आहे. तिचे आईवडील नागपूरचे, दोघंही आयटीत. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं दोन वर्षं चाललं होतं.

या हिवाळ्यात तिनं बाबांच्या वांग्याच्या भरतावर निबंध आणला. एकही चूक नाही. ‘भरताचा सुगंध संपूर्ण सदनात दरवळतो,’ हे वाक्य वाचून मला खात्रीच पटली, की हा एआयकडून लिहून घेतलाय. वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवलं आणि निबंधात काय आहे ते तोंडी सांगायला लावलं.

तिनं सांगितलं. न अडखळता, मराठीत. पण बातम्या दिल्यासारखं.

विचारल्यावर कळलं, की ती रोज फोनवरच्या एआयशी मराठीत बोलत होती. माणसांशी का बोलत नाहीस, असं मी विचारलं.

“सगळे हसतात, काकू. ते हसत नाही.”

आमच्या गेट-टुगेदरमध्ये या मुलांच्या उच्चारांवर काय हशा पिकतो, ते मी पाहिलं होतं. संशय घेतल्याबद्दल मी तिला सॉरी म्हटलं, पण मनातली शंका काही गेली नाही. न हसणारं हे यंत्र तिला नेमकं काय शिकवत होतं?

ते पुढच्या रविवारी कळलं. तिला घ्यायला आलेले तिचे बाबा पार्किंगमध्ये माझ्याशी बोलत उभे राहिले. पोरगी मराठी बोलायला लागली म्हणून आधी खूप आनंद झाला होता, म्हणाले. आता मात्र ते ‘काय करून राहिली?’ असं विचारतात तेव्हा ती लगेच ‘काय करते आहेस’ अशी दुरुस्ती करते.

“आता तिच्याशी मी इंग्रजीतच बोलतो, ताई,” ते म्हणाले. “घरात कशाला चुका काढून घ्यायच्या?”

मी मुलीला हाक मारली. बाबांची मराठी चूक नाही, नागपूरला असंच बोलतात, असं तिला सांगितलं. तिनं माझ्याकडे आणि मग बाबांकडे पाहिलं. आम्ही मोठी माणसं एकमेकांना सांभाळून घेतोय, असं तिला वाटलं असावं.

“पण ते तर चूक म्हणालं,” ती हळूच म्हणाली.

मग मी बाबांनाच वर्गात बोलावलं. त्यांनी भरताची कृती आपल्या बोलीत सांगितली. वांगी भाजायला ठेवून आपण फोनवर बोलत बसलो आणि स्मोक अलार्म वाजला, हे ते सांगत होते तेव्हा ती खुदकन हसली, आणि चूक काढायची विसरली.

गेल्या आठवड्यात तिनं नवा निबंध दिला. त्यात बाबा ‘येऊन राहिले’ होते, भरीत ‘लय भारी’ झालं होतं. मी खूश झाले. मग ‘लय’वर अडखळले. हा शब्द तिच्या बाबांच्या तोंडी मी कधीच ऐकला नव्हता. ही बोलीही तिला फोननंच शिकवली होती की काय?