धाकटीचं नाक

आमची धाकटी जाऊ कुठलीही गोष्ट आधी नाकाला लावायची. चहा आला की कप आधी नाकाशी. पोळीचा तुकडा मोडला की नाकाशी. कोरी साडी, ओला टॉवेल, कुरिअरनं आलेलं खोकं, काहीही असो, पहिला मान नाकाचा. लग्नानंतर सासूबाईंच्या पाया पडून उठताना ती म्हणाली, "आई, आत्ताच वेखंड उगाळलंत का?" सासूबाईंनी खरंच उगाळलं होतं, पायाला लावायला. मी सकाळपासून त्याच घरात वावरत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते पुढे पाच वर्षं थांबलं नाही.

आता माझ्या नाकाचंही सांगून टाकते. ते कॉलेजात असल्यापासून चोंदलेलं आहे. डॉक्टर झाले, वाफारे झाले, एका वैद्यानं तुपाचे थेंबही घालून पाहिले. दूध उतू जाऊन जळलं तर मला शेजारीण हाक मारून सांगते. या असल्या नाकावर मी एका मोठ्या घराचा स्वयंपाक संभाळला आणि शाळेतली नोकरीही केली. स्वयंपाक वाईट होत नसे, ताटात काही उरत नसे. पण सासूबाईंच्या तोंडून "चांगलं झालंय" एवढे दोन शब्द मला कधी ऐकायला मिळाले नाहीत. मला दागिने नको होते, मानपान नको होता. ते दोन शब्द हवे होते, आणि त्यांची वाट पाहण्यात माझे केस पांढरे झाले.

सासूबाई मूळच्या वेल्ह्याकडच्या, तोरण्याच्या पायथ्याच्या. भाताच्या खाचरात वाढलेल्या. आमचं घर भोरात आणि शेत उत्रोलीला. नवा आंबेमोहोर घरी आला की देवापुढे ठेवण्याआधी घरच्या बायकांनी मूठभर तांदूळ तळहातावर चोळायचा, हुंगायचा आणि कसा आहे ते सांगायचं, असा त्यांचा रिवाज. माझ्या पहिल्या वर्षी मी चोळला, हुंगला. काहीच आलं नाही. म्हणून म्हणाले, "छान आहे." सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यो मागल्या सालचा हाय. बघायलाच दिला व्हता." त्यानंतर त्यांनी माझ्या हातावर तांदूळ ठेवला नाही. रागावल्या नाहीत, फक्त ठेवला नाही.

धाकटी पुण्यात बीअर बनवायची. म्हणजे बाणेरच्या बाजूला एका छोट्या ब्रुअरीत ब्रुअर होती. लग्न ठरताना भाऊजींनी "फूड टेक्नॉलॉजी" एवढंच सांगितलं होतं, त्यामुळे सासूबाईंची समजूत होती की मुलगी बिस्किटांच्या कारखान्यात आहे. तांदळाच्या दिवशी तिनं मूठ घेतली, दोन्ही तळहातांत चोळली, हाताची ओंजळ करून त्यात तोंड खुपसलं आणि डोळे मिटून म्हणाली, "आई, ह्यात दुसरा तांदूळ मिसळलाय. अर्ध्याला वास आहे, अर्ध्याला नाही." गिरणीत घोळ झाला होता हे सासूबाईंना आधीच कळलं होतं. त्या तिच्याकडे बघतच राहिल्या.

"कुटं शिकलीस गं हे?"

"कामावर, आई. बीअरमध्ये हॉप्स म्हणून एक फूल घालतात. ते असंच चोळून हुंगायचं असतं."

"बीअर?" सासूबाई म्हणाल्या. "म्हंजी तू दारू गाळतीस?"

"गाळते. पण लायसनवर."

मी मनात म्हटलं, आता पेटणार. भाऊजी तर उठून अंगणात गेले. सासूबाईंनी जरा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "बिनवासाचं दाणं निवडून काढता येतील का?" दोघी सुपं घेऊन बसल्या. मी आमटी ढवळत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि आमटीत मीठ दोनदा पडलं.

त्यानंतर शनिवार-रविवारी पुण्याहून गाडी आली की तिच्या डिकीतून बाटल्या निघू लागल्या. आमच्या फ्रिजमध्ये ताकाच्या तांब्याशेजारी बीअर उभी राहू लागली. इथे मला आमच्या ह्यांच्याबद्दल बोललंच पाहिजे. हे गृहस्थ वर्षानुवर्षं काळ्या पिशवीतून बाटली आणून गच्चीवरच्या टाकीमागे लपवत होते. त्यावरून मी भांडले, रडले, एकदा माहेरीही गेले. धाकटीनं येऊन त्या सगळ्या प्रकाराला "टेस्टिंग" म्हटलं आणि झालं, आमचे हे राजरोस दिवाणखान्यात बसून ग्लास उजेडाकडे धरू लागले. "रंग बघ गं," असं मलाच म्हणायचे! माझ्या भांडणानं जे झालं नाही ते तिच्या एका शब्दानं झालं. हे गच्चीवरून खाली आले आणि एका ग्लासावर थांबू लागले, हे मान्य करते. पण मला ते तेव्हा मान्य करायचं नव्हतं.

"आधी हुंगा, मग घोट, मग मत," असं ती सगळ्यांना बजावायची. मोठ्या कंपन्यांच्या बीअरला नावं ठेवताना तर तिला जोर चढे. "दादा, ती म्हणजे लग्नातली भाजी. भोरच्या लग्नात जा नाहीतर नागपूरच्या, चव एकच. छोट्या ब्रुअरीची म्हणजे घरची भाजी. एखाद्या दिवशी मीठ जास्त पडतं, पण केली कोणी ते कळतं." हे ऐकून मी आत भांडी जोरात आपटली. घरची भाजी मी करत होते आणि तिचं कौतुक बीअरच्या वाट्याला चाललं होतं.

सासूबाईंनी कधी घोट घेतला नाही. पण म्हणाल्या, "प्यायची न्हाई. हुंगायला काय झालं?" आणि तिच्या परीक्षकच होऊन बसल्या. धाकटीनं आमच्याच आंबेमोहोराची बीअर करायला घेतली, तिचा पहिला नमुना घेऊन आली. सासूबाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "पेज लागलीया बुडाला." धाकटीनं लगेच फोन काढून ब्रुअरीत कोणाला तरी विचारलं, तर तांदूळ शिजवताना खरंच थोडा करपला होता. पुढच्या खेपेला सासूबाईंनी हुंगलं, थांबल्या, पुन्हा हुंगलं. म्हणाल्या, "आता चांगलं झालंय."

ते दोन शब्द. माझे दोन शब्द! मी ज्यांच्यासाठी इतकी वर्षं फोडण्या घातल्या, ते त्यांनी एका बीअरला देऊन टाकले, तेही न पिता. मी मोरीत जाऊन उगीच तोंड धुऊन आले.

शेवटी मी ठरवलं की तिच्याच मैदानात उतरायचं. बीअर करणं आपल्या हातचं नव्हतं, पण धाकटीला जुन्या पठडीतल्या कॉकटेलचाही नाद होता. ओल्ड फॅशन्ड, निग्रोनी, डाकिरी, अशी नावं ती घरच्या माणसांसारखी घ्यायची. "ही टिकली, कारण ह्यात लपवायला जागा नाही," असं तिचं म्हणणं. मी शाळेतून आल्यावर मोबाईलवर बघून बघून व्हिस्की सावर नावाचं पेय निवडलं. व्हिस्की, लिंबू, साखरेचा पाक आणि फेसासाठी अंड्याचं पांढरं. पाकाऐवजी मी काकवी घेतली. बोटाच्या टोकानं चाखत, लिंबाचे थेंब मोजूनमापून न घालता जिभेवर सोपवत, सरबताच्या सवयीनं सगळं जमवलं.

कॉकटेल हलवायला झाकणाचं खास भांडं लागतं, ते आमच्याकडे कुठलं असणार? मी दुधाची किटली घेतली, बर्फ घातला, झाकण दाबून बसवलं आणि सगळ्यांसमोर दिवाणखान्यात उभी राहून जोरजोरात हलवायला लागले. अंड्याचा फेस आतून फुगला. झाकण उडालं ते थेट छताला, आणि निम्मी व्हिस्की सोफ्यावर जप करत बसलेल्या सासूबाईंच्या अंगावर. जन्मात थेंब न घेतलेली बाई नखशिखांत भिजली. कोणी हसेना. सासूबाईंनी ओठावरचा फेस पदरानं टिपला आणि म्हणाल्या, "प्यायचं तेवडं राह्यलं व्हतं, ते बी झालं."

मग जो हशा पिकला तो भाटघरच्या धरणापर्यंत ऐकू गेला असेल. मला मात्र रडू कोसळायच्या बेतात होतं. किटलीत उरलेलं मी ग्लासात ओतून धाकटीपुढे आपटलं. तिनं हुंगलं, घोट घेतला, आणि हसणं थांबवलं. पुन्हा घोट घेतला.

"ताई, हे माझ्या हातून असं होत नाही."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही. वास मला फसवतो. चांगला वास आला की मी चवीला माफ करते. तुम्हाला वासच येत नाही, त्यामुळे तुमच्या जिभेपुढे कोणाची वशिलेबाजी चालत नाही. आंबट, गोड, कडू, सगळं जागच्या जागी आहे. आता मला कळलं, तुमची आमटी अशी का असते."

मत्सराचं एक असतं, त्याला कौतुकही पचत नाही. मी मनात म्हटलं, मोठेपणा घेतेय. तरी चोरून सासूबाईंकडे पाहिलं. धाकटीनं एवढं सांगितल्यावर तरी काही बोलतील. त्या म्हणाल्या, "ही साडी भिजत घाल. डाग पडंल."

नंतर ती दर खेपेला माझ्यासमोर ग्लास धरू लागली. "हुंगू नका ताई, थेट चाखा. काय कमी आहे सांगा." मी सांगायची. हो, मीही चमचाभर चाखू लागले होते, लपवत नाही. एकदा तिची एक बीअर मला फारच कडू लागली, तर म्हणाली, "कडू वाईट नसतं, ताई. ते उशिरा पोचतं, एवढंच. जरा थांबा." थांबले, तर खरंच घशाशी काहीतरी बरं वाटलं. आम्ही अशा स्वयंपाकघराच्या ओट्याशी तासन्‌तास उभ्या असायचो. तिच्यावर जळायचं आणि तिची वाट पाहायची, ही दोन्ही कामं मी एकाच वेळी करत होते. शुक्रवारी संध्याकाळी गाडीचा आवाज आला नाही तर मला चैन पडत नसे.

गेल्या हिवाळ्यात तिला न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ब्रुअरीत काम मिळालं. तिकडे हॉप्सची शेती आहे म्हणे. भाऊजींचं काम कुठूनही होण्यासारखं. दोघं निघाली. निघायच्या दिवशी सासूबाई फाटकाशी उभ्या राहून रडल्या. डोळ्यांत पाणी वगैरे नव्हे, पदर तोंडात कोंबून हमसाहमशी. गाडी वळली तरी रडत होत्या. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा या बाईनं रात्रंदिवस दवाखान्यात माझं सगळं केलं, पण डोळा ओला झालेला मी पाहिला नव्हता.

घरात आल्यावर मला राहवलं नाही. "आई, एक विचारते. मी उद्या घर सोडून गेले तर माझ्यासाठी एवढ्या रडाल का?"

त्या पदरानं नाक पुसत होत्या. माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी वेडगळ प्रश्न विचारला.

"तुज्यासाटी? न्हाई."

"का?"

"तू गेलीस तर म्या काय हितं बसनार व्हय? तुज्या मागनं पिशवी घिऊन येनार. मंग रडायचं कुनासाटी?"

एवढं बोलून त्या चहाचं आधण ठेवायला सांगून पाय धुवायला गेल्या. मी ओट्याशी उभी राहिले. आधण ठेवलं की नाही ते आठवत नाही.

चार दिवसांनी धाकटीचा व्हिडिओ कॉल आला. ऐन हिवाळ्यातला तिकडचा उन्हाळा, नवं घर, तिकडच्या हॉप्सना पेरूसारखा वास येतो, हे सगळं सांगून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "ताई, मी निघाल्यावर आई फार रडल्या का हो?"

"खूप रडल्या," मी म्हटलं. तिचा चेहरा फुलला. तो फुललेला मला बघवेना. म्हणून मुद्दाम, जळवायला म्हणूनच, पुढचंही सगळं सांगितलं. मी काय विचारलं, आणि त्या काय म्हणाल्या.

धाकटी गप्प झाली. फोन अडकला की काय असं वाटलं, पण तिच्या मागच्या खिडकीतली झाडं हलत होती. मला आतून गार वाटलं, मग वाईट वाटलं, मग पुन्हा गार वाटलं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "ताई, आई नेमकं काय म्हणाल्या, पुन्हा एकदा सांगता?"

मी पुन्हा सांगितलं. पिशवीसकट सांगितलं.