कानाची घडी

गल्लीच्या टोकाला, छापखान्याच्या मागे, दोन खोल्या आणि एक फरशीचं अंगण एवढ्या जागेत मावशी लोकांची कुत्री सांभाळत. कोणी परगावी निघालं, कोणी इस्पितळात भरती झालं, की त्याचं कुत्रं मावशींकडे. बावीस वर्षांत एकही कुत्रं हरवलं नाही, एकही चुकीच्या माणसाबरोबर गेलं नाही. हे त्या स्वतः कधी सांगत नसत. दुसऱ्या कोणी सांगितलं तर थांबवतही नसत.

पट्ट्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. पट्टा निघतो, बदलतो, आंघोळीच्या वेळी दारामागच्या खुंटीवर टांगला जातो. रंगावरही ठेवायचा नाही, कारण ओलं कुत्रं कुठल्याही रंगाचं दिसतं. विश्वास हाताचा. आंधळी झाले तरी माझं काम अडणार नाही, असं त्या म्हणत. डोळे जाण्याची भीती त्यांना कधी वाटलीच नाही.

त्या आठवड्यात त्यांच्याकडे दोन छोटी टेरियर होती. तांबूस, राठ केसांची, वीतभर पायांची. तोंडं मिशा वाढवलेल्या म्हाताऱ्यांसारखी. एक नॉर्विच, दुसरं नॉरफोक. पूर्वी दोन्हींना एकाच जातीत धरायचे, मग कानांवरून त्यांच्या दोन जाती झाल्या. नॉर्विचचे कान ताठ उभे, नॉरफोकचे पुढे दुमडून गालावर पडलेले.

"म्हणजे भावाभावांची कानावरून वाटणी झाली," मावशींची सून म्हणाली होती.

"वाटणीच. भांडण नाही."

"आई, वाटणी झाली म्हणजे भांडण झालंच."

ताठ कानांचा तो तुरा. पडक्या कानांचा तो बटण. तुऱ्याला साखरेचा आजार होता. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला, जेवण झाल्यावर, मानेमागची कातडी चिमटीत धरून इन्सुलिनची सुई द्यायची. त्याचे मालक घड्याळं दुरुस्त करायचे. जाताना त्यांनी तीनदा बजावलं, "मावशी, आठ म्हणजे आठ."

"तुमच्या दुकानात दहा घड्याळं दहा वेळा दाखवतात, आणि मला आठ शिकवता?"

बटणची मालकीण शाळेत शिकवायची. घरात ती आणि बटण, तिसरं कोणी नाही. खुब्याच्या ऑपरेशनसाठी ती इस्पितळात होती. "मला बाकी काही नको," ती म्हणाली होती, "तो जेवला एवढं रोज कळवा."

तुरा घाबरला की कान मागे चपटे करून डोक्याला चिकटवायचा. बटणही घाबरला की आपले पडके कान मागे ओढून घ्यायचा. मग दोघांची डोकी सारखी दिसत, गुळगुळीत, कान नसल्यासारखी. अशा वेळी मावशी कानाच्या बुडाशी अंगठा ठेवून तो हळूच वर सरकवत. नॉरफोकच्या कानात कायमची घडी असते, इस्त्री केलेल्या बाहीला असते तशी. नॉर्विचचा कान कितीही दबलेला असो, आतून सरळच. घडी लागली तर नॉरफोक, नाही लागली तर नॉर्विच. एवढं साधं.

त्या सकाळी सुनेनं दोघांना आंघोळ घातली. तुऱ्याचा तांबडा आणि बटणचा निळा पट्टा खुंटीवर टांगले. अंग पुसायला घेतलं तोच बाहेर रस्ता फोडायचा ब्रेकर सुरू झाला. फरशी पायाखाली थरथरायला लागली. दोन्ही कुत्री टेबलाखाली शिरली आणि भिंतीला चिकटून बसली. कान गेले. नावाला कोणी ओ देईना. दोघांनी तिथेच, टेबलाखाली, कसंबसं जेवण संपवलं.

आठ वाजायला आले तसा मावशींनी त्यांतला एक ओढून मांडीवर घेतला. अंगठा कानाच्या बुडाशी ठेवला. वर सरकवला. घडी लागली नाही.

तुरा.

तांबडा पट्टा त्याच्या गळ्यात. सुई मानेमागे. उरलेल्याच्या गळ्यात निळा. त्याचा कान त्यांनी पाहिलाच नाही. एक ठरलं की दुसरं आपोआप ठरतं.

सव्वादहाला ब्रेकर थांबला. मजूर चहाला गेले असावेत. सून अंगणात चादरी वाळत घालत होती. मावशी एकट्याच खोलीत होत्या, एका पुडल कुत्र्याच्या पायावरच्या केसांतली गाठ सोडवत. शांतता इतकी अचानक आली की त्यांनी मान वर केली.

निळ्या पट्ट्याच्या कुत्र्यानं अंग झाडलं. मग त्याचा डावा कान उठला. मग उजवा. दोन पाती, सरळ, टोकदार.

मावशींनी पुडलचा पाय सोडला. त्यांना तांबड्या पट्ट्याकडे बघायचं नव्हतं. तरी बघितलं. त्या कुत्र्याचेही कान सैल पडले होते आणि पुढे आले होते. गालावर. ते उठून त्यांच्याकडे यायला निघालं आणि त्याचा मागचा पाय घसरला. ते परत उठलं. परत घसरलं. आपला पाय कोणाचा आहे असं विचारावं तसं त्यानं मागे वळून पाहिलं.

खरं म्हणजे हिवाळ्यात सुरुवात झाली होती. सुईत दोरा ओवताना दोरा हातात आहे की नाही हे बघावं लागायचं. एकदा तव्याला बोट लागलं आणि ते भाजलंय हे फोड आल्यावर समजलं. सुनेनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कामाचे हात आहेत, घट्टे पडलेत." त्यांच्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. पायाच्या बोटांपासून. शेवटी बोटं गेली, मग पाऊल गेलं. मावशी कुठल्याही डॉक्टरकडे गेल्या नाहीत. विचारलं नाही तर उत्तर येत नाही, असं त्यांना वाटलं असावं. पण कुत्र्याच्या कानावर ठेवलेला अंगठा गप्प बसला तर त्याचा अर्थ तिथे घडी नाही असाच होतो, हे बावीस वर्षांचं ठरलेलं होतं. अंगठाच मुका झालाय, हा अर्थ त्या सकाळी त्यांच्या मनात आला नाही.

आता आला.

आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट मनात आली, ती त्यांनी नंतर फक्त सुनेला सांगितली. पट्टे बदलून टाकावेत. कोणाला कळणार नाही. कुत्र्याला काही झालं, रस्त्याच्या आवाजानं दगावलं, लोक म्हणतील बिचारं. त्यांचा हात तांबड्या पट्ट्याच्या बकलाकडे गेलाही. बोटांना बकल सापडेना. ती नुसती पट्ट्यावरून फिरत राहिली, दुसऱ्या कोणाची असल्यासारखी.

"अगं," त्यांनी हाक मारली. "इकडे ये. तुऱ्याची सुई बटणला गेली."

सून दारात ओली चादर घेऊन उभी राहिली. "असं कसं होईल? तुम्ही अंगठा लावलात ना? मी बघितलं."

"लावला होता. फोन कर आधी."

कुत्र्यांची डॉक्टर दोन गल्ल्या सोडून बसायची. फोनवर ती मोजकं बोलली. साखरेचा घट्ट पाक करा, बोटानं हिरड्यांना चोळा, गिळत नसेल तर तोंडात ओतू नका, आणि लगेच घेऊन या.

सुनेनं पाक केला. मावशींनी बटणला टॉवेलात गुंडाळून अंगठ्यानं हिरड्या चोळायला घेतल्या. हिरड्या गरम आहेत की गार, ओल्या आहेत की कोरड्या, काही समजत नव्हतं. भिंत सारवावी तसं त्या चोळत होत्या. मध्येच बटणच्या अंगातून एक झटका गेला आणि जबडा मिटला. मग उघडला.

"आई, मी घेऊ का त्याला?"

"नको. तू पुढे चाल. रस्ता मोकळा करत चाल."

फोडलेल्या रस्त्याच्या कडेनं दोघी निघाल्या. चहा पीत बसलेल्या मजुरांपैकी एकानं विचारलं, "काय झालं कुत्र्याला?" दोघी चालत राहिल्या. टॉवेलातलं वजन थोडंच होतं, पण ते जिवंत वजन आहे की नुसतं वजन, हे हातांना सांगता येत नव्हतं. मावशी दर दहा पावलांनी टॉवेल उघडून बघत होत्या. पोट हललं की पुढची दहा पावलं.

दवाखान्यात बटणला सलाइन लावलं. डॉक्टर वयानं लहान होती, मुलीसारखी, पण मावशी तिच्यासमोर शिक्षा झालेल्या पोरीसारख्या उभ्या होत्या.

"कशी काय चूक झाली मावशी? तुमच्याकडून?"

"झाली."

डॉक्टर त्यांच्या हाताकडे बघत होती. "तुमच्या अंगठ्यातून रक्त येतंय."

"कुठे?"

त्यांनी हात वर केला. अंगठ्याच्या पेरात दातांच्या दोन खोल खुणा होत्या. रक्त मनगटापर्यंत ओघळून वाळलंही होतं. सुनेनं ते पाहिलं, मग सासूचं तोंड पाहिलं, आणि तिला तवा आठवला, दोरा आठवला, सगळं आठवलं.

"कधीपासून?" डॉक्टरनं विचारलं.

"हिवाळ्यापासून."

"मी कुत्र्यांची डॉक्टर आहे. उद्या सकाळी माणसांच्या डॉक्टरकडे जा. उपाशीपोटी."

मावशींनी मान हलवली. उपाशीपोटी म्हणजे साखरच तपासणार, हे त्यांना माहीत होतं.

तीन वाजता बटणनं डोकं उचललं. सहाला त्यानं वाटीभर खाल्लं आणि डॉक्टरच्या हातमोज्याचा वास घेतला. रक्तातली साखर आता टिकली होती. घरी न्या, दर दोन तासांनी थोडं खायला घाला, ती म्हणाली. तुऱ्याची सकाळची सुई चुकली ती चुकली. संध्याकाळची नेहमीएवढीच द्या, जास्त नाही.

मावशींनी दवाखान्यातूनच घड्याळवाल्यांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "आठला द्या." नंतर त्यांनी शाळेतल्या बाईंना लावला. सगळं सांगितलं, अंगठ्यासकट.

"आता जेवला का तो?"

"जेवला."

"खरं सांगताय ना?"

"आज दिवसभर खरंच सांगतेय, बाई."

पावणेआठला ब्रेकर परत सुरू झाला. दोन्ही कुत्री टेबलाखाली. कान गेले. गळ्यात पट्टे होते, बरोबर पट्टे, सुनेनं घरी आल्याबरोबर बदललेले. पण पट्ट्यावर सुई द्यायला दोघींपैकी कोणी तयार नव्हतं.

"तू बघ," मावशी म्हणाल्या.

सुनेनं तांबड्या पट्ट्यावाल्याच्या कानावर अंगठा ठेवला, वर सरकवला, परत सरकवला. "नाही लागत, असं वाटतंय."

"वाटतंय नको."

"मग काय करू? मी कधी केलंय का हे? तुम्ही कधी करू दिलंत?"

मावशी गुडघ्यांवर बसल्या. मग फरशीवर हात टेकून टेबलाखाली वाकल्या आणि आपला खालचा ओठ त्या कुत्र्याच्या कानाच्या बुडाशी लावला. कान थरथरत होता. केसांना साबणाचा वास होता. त्यांनी ओठ सावकाश वर नेला. सरळ. टोकापर्यंत सरळ. त्या तिथेच थांबल्या नाहीत. दुसऱ्याला जवळ ओढलं, त्याच्याही कानावर ओठ ठेवला, आणि मध्यावर ती आली. बारीक, उबदार, दोऱ्याच्या जाडीची घडी.

"आण तुझा अंगठा," त्या म्हणाल्या. सुनेचा अंगठा धरून त्यांनी त्या जागेवर टेकवला. "इथे. दाबू नको. नुसता ने."

"आहे," सून म्हणाली. "आई, आहे हो."

"आता त्याचा बघ."

"नाही. ह्याला नाही."

सुई सुनेनं दिली. मावशींनी तुऱ्याला धरलं होतं. जखमी अंगठ्यावर पट्टी होती आणि तो दुखत नव्हता. मग दोघी भिंतीला टेकून फरशीवर बसल्या, ब्रेकर थांबायची वाट बघत. ओठ खोटं बोलला असेल का, हे दोघींच्याही मनात होतं. हाताखालची जमीन थरथरते आहे हे मावशींना सुनेच्या खांद्यावरून कळत होतं.

यंत्र थांबलं. तांबड्या पट्ट्यावाल्याचा एक कान उठला. जरा वेळानं दुसरा.

"उद्या सकाळी येशील का माझ्याबरोबर?" मावशींनी विचारलं.

"येते की," सून म्हणाली. "पट्टा घालून नेऊ का?"

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी सुनेचा हात आपल्या हातात घेतला आणि तो धरला आहे ना, हे खाली वाकून पाहिलं.