बिनदेवाचे तात्याजी

दसऱ्याला वडनेरात सगळे आपापली अवजारं पुजायला मांडत आणि आमचे तात्याजी त्या दिवशी मुद्दाम शिलाई मशीन चालवत बसत. "तिले तेल लागते, कुंकू नाई," म्हणत. गावाने नावच ठेवलं होतं, बिनदेवाचे तात्याजी. माझे ते चुलत सासरे. आमच्याच ओसरीवर त्यांचं शिवणकाम चाले. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. महिनामहिना तोंड उतरलेलं असे. देव नाही म्हणून हा असा, असं लोक तोंडावर म्हणत. ते ऐकून घेत आणि सुईत दोरा ओवत.

त्यांचे माझ्यावर उपकार होते, हे आधी सांगते, नाहीतर नुसत्या शिव्याच देत बसेन. पहिली लेक झाली आणि माझं मनच विझलं. पोर मांडीवर रडे, मी भिंतीकडे बघत राही. सासूबाई म्हणाल्या, भक्ती कमी पडते. मग रोज नवा उपास, नवा अंगारा. मलाही वाटे, माझ्यातच पाप आहे, म्हणून लेकीची माया येत नाही.

एकदा तात्याजी मशीन थांबवून म्हणाले, "सूनबाई, अंगाले ताप येते तसा मनालेबी येते. मले येते ना. त्यात तुहा काही गुन्हा नाई. पोरीले जवळ घे, जमन तेवढा वेळ घे." सासरी माझा गुन्हा नाही म्हणणारा तो पहिला माणूस. त्या बोलण्याला धरून मी उठायला लागले. उपास सोडले, पोरीला पाजता पाजता तिचे इवले कान बघायला लागले. उपास का मोडला म्हणून सासूबाईंनी विचारलं, तर मी खुशाल सांगे, तात्याजी म्हणाले.

त्याच साली त्यांचा स्वतःचा ताप वाढला. मशीनवर फडकं पडलं ते पडलंच. अन्न सुटलं. आणि मारुतीच्या देवळातल्या सप्ताहात, काल्याच्या दिवशी, आमचा बिनदेवाचा माणूस तुळशीची माळ घालून घ्यायला उभा राहिला. माळ घेणाऱ्याने आपली चूक चारचौघांत बोलायची, अशी आमच्याकडची रीत. मला बरंच वाटलं. माळेने माणूस तरत असेल तर माझं काय जातं? तर तात्याजी म्हणाले, "देव मानला नाई म्हून माह्यं मन काळं पडलं. घरच्या सुनेलेबी मीच बिघडवलं. तिचं दुखनं त्याच्यातलंच हाये."

बायकांत बसले होते मी. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अहो, तुमचं पाप तुम्ही सांगा ना, माझं दुखणं कशाला चव्हाट्यावर? घरी आल्या आल्या सासूबाईंनी पोर माझ्या मांडीवरून उचलली. बिनदेवाचं दूध तिला नको, आधी शुद्ध हो, म्हणाल्या. नवऱ्याचं आईपुढे कधी चाललंच नाही. पोरीला गाईचं दूध सुरू झालं.

मी ओसरीवर गेले. डोक्यावर पदर होता, पण सासऱ्याच्या डोळ्याला डोळा त्या दिवशी पहिल्यांदा भिडवला.

"तात्याजी, सासूबाईले सांगा. माहा गुन्हा नाई म्हून तुमीच म्हनलं होतं."

ते माळ चाचपत बसले.

"बरं तरी वाटते का माळेनं?"

"नाई पोरी. तसंच हाये. पन आता कोनी बोल लावत नाई. जेवाले बोलावतात, जवळ बसवतात. शब्द फिरवला तं हेबी जाईन."

"अन् माही पोर?"

त्यांनी मशीनवरचं फडकं सारखं केलं.

माळेवर माझा राग नाही, देवावरही नाही. पण मला दिलेला आधार या माणसाने पंगतीतल्या एका पाटासाठी काढून घेतला. थोड्याच वर्षांत ते गेले. सगळं गाव रडलं, मला रडू आलं नाही.

उपास पुरे करून मी शुद्ध झाले म्हणे. तोवर दूध आटलं होतं. लेक बोलायला लागली तेव्हा सासूबाईंना माय म्हणाली. मला, घरातले धाकटे दीर म्हणत तसं, वैनी. अजून वैनीच म्हणते.