कॅमेऱ्याला कान नसतात

काचेच्या कारखान्यात तिला सगळे ‘डोळे’ म्हणत. ‘डोळे आली का?’, ‘डोळे जेवायला गेली वाटतं, घ्या रे झोपून!’ असं चालायचं. खरं नाव उरलं होतं ते हजेरीपुरतं. जिन्याखालच्या खोलीत तिची खुर्ची. समोर पडदे, आणि पडद्यांवर कारखान्याचा कोपरा न् कोपरा: काच कापायचं लांबलचक टेबल, कडा घासायची यंत्रं, मधली वाट, माल चढवायचा धक्का. सगळं दिसायचं, ऐकू मात्र काही यायचं नाही. चित्रं मुकी होती.

आई-वडिलांमागे तिला दादानं वाढवलं. दादा त्याच कारखान्यात मोठ्या काचा वाहायचा. त्यानंच मुकादमाकडे शब्द टाकला, “माझी बहीण आहे. तिच्या कामात खोट निघाली तर मला विचारा.” ती झाडायला लागली. काचेचा कारखाना झाडणं सोपं नाही. काचेचा चुरा डोळ्यांना दिसत नाही, पायाला मात्र बरोबर सापडतो. ती वाकून, उजेडाकडे तोंड करून झाडायची. पुढे कॅमेरे बसले. दिवसभर दुसऱ्याच्या चुका बघत बसायचं काम कुणाला गोड लागणार? कुणीच तयार होईना, तेव्हा तिला बसवलं. चुरा शोधायची तशीच ती पडद्यांकडे बघू लागली.

कारखान्याची एक रीत होती. आठवडा संपला की सगळे जेवणाच्या खोलीत जमत आणि आठवड्यातलं घसरणं, सांडणं, धडपडणं ती भिंतीवर दाखवी. ज्याचं चुकलं त्यानं आपणहून उठायचं आणि म्हणायचं, ‘माझं चुकलं ते असं.’ दुसऱ्यानं बोट दाखवायचं नाही. बोलून झालं की विषय संपला. खुद्द मुकादम एकदा चहाचा कप घेऊन नुकत्याच पुसलेल्या काचेवर नाक आपटून बसले होते. लोक बाकावरून खाली पडेपर्यंत हसले. मुकादम उठले, नाक चोळत म्हणाले, “माझं चुकलं ते असं, की काच आहे का नाही हे नाकानं बघायचं नसतं.” तेव्हापासून पुसलेल्या काचेवर कागदाची पट्टी चिकटवू लागले. हसण्यातून शहाणपण यायचं ते असं.

रक्त सांडलं असेल तर मात्र कुणी हसत नसे. ज्याच्या चुकीनं रक्त सांडलं त्याला पुन्हा मोठी काच उचलायला मिळत नसे.

मोठी काच दोघं वाहतात. एक पुढे, एक मागे. पुढचा वाट बघतो, मागचा काच बघतो. पुढच्याची पाठ मागच्याकडे, म्हणून दोघांमधला धागा एकच: हाक. मागच्यानं ‘थांब’ म्हटलं की पुढच्यानं पाय रोवायचे. मागच्यानं हाक दिल्यावाचून थांबायचं नाही. दादा कायम पुढे. त्याच्यासारखी सरळ चाल कुणाची नव्हती. त्याच्यामागे इतकी वर्षं एक म्हातारा होता. तो घरी बसला आणि त्याच्या जागी लंबू आला. उंच, लाजाळू, नुकतंच लग्न झालेला.

त्या दिवशी मधल्या वाटेवर लंबू थांबला आणि दादा चालत राहिला. काच कमानीसारखी वाकली आणि फुटली. लंबूचा तळहात चिरला, रक्त सांडलं.

मुकादमानं विचारलं तेव्हा लंबू कळवळत म्हणाला, “मूठ सुटत होती. मी हाक दिली.”

“हाक आलीच नाही,” दादा म्हणाला. शेजारी घासायची यंत्रं कोकलत होती, तिसऱ्या कुणी काही ऐकलं नव्हतं. आणि दादाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

ती चित्रं तिनं एकटीनं पाहिली. बघणाऱ्याची नजर फुटणाऱ्या काचेवर जाते, तिचीही गेली. परत लावून तिनं लंबूचं तोंड पाहिलं. काच फुटायच्या आधी ते उघडलं होतं. एकदा, मग पुन्हा, गळ्याच्या शिरा ताणून. आणि दादाची मान जराही हलली नव्हती.

तिनं जुनी चित्रं काढली. म्हाताऱ्याच्या काळातली. म्हातारा थांबताना तोंड उघडतच नव्हता. काचेला अलगद एक हिसका द्यायचा, की दादा थांबायचा. म्हाताऱ्याला ठाऊक होतं. तो मूग गिळून बसला आणि जाताना लंबूला सांगायचं विसरला, का त्याला सांगवलंच नाही, देव जाणे.

घरी तिनं दादाला गाठलं. वहिनी भांडी लावत होती.

“दादा, लंबूनं हाक दिली होती.”

“तुला कसं कळलं? कॅमेऱ्याला काय कान फुटले?”

“तोंड दिसतंय त्याचं. तुला ऐकू येत नाही, दादा.”

वहिनीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. ती खाली बघत पुटपुटली, “मला वाटायचं, माझ्याशीच बोलायचं नसतं यांना.”

दादाला ते ऐकू आलं नाही. तो बहिणीकडे बघत होता. “मला काच वाहण्याशिवाय दुसरं काय येतं? तुला इथवर आणलं ते हे ऐकायला? तू गप्प बसायचंस.”

“तूच सांग मग. रीत आहे आपली.”

तो उठून अंगणात गेला.

आठवड्याच्या शेवटी तिनं ती चित्रं भिंतीवर लावली. आशा एवढीच, की दादा उठेल. काच वाकली, फुटली. दादा पहिल्या बाकावर मांडीवर मुठी ठेवून बसला होता. उठला नाही. सगळ्यांच्या नजरा लंबूकडे वळल्या. लंबूनं बांधलेला हात छातीशी धरला आणि तोच उभा राहिला.

“माझं चुकलं ते असं,” तो म्हणाला, “की... हाक दिली असं मला वाटलं. दिली नसेल. दादा खोटं बोलायचे नाहीत.”

तिनं खूप धीर धरला होता. पण खऱ्या हाकेवर लंबूनं स्वतःच बोळा फिरवलेला तिला सोसवेना. ती खोलीच्या मागच्या भिंतीशी उभी होती. तिथूनच म्हणाली, “खाली बस लंबू. तू हाक दिलीस. माझ्या भावाला ऐकू येत नाही.”

सगळी खोली वळून तिच्याकडे बघू लागली, आणि तिथून दादाकडे. एकटा दादा समोर भिंतीकडे बघत बसला होता. आपली बहीण पाठीमागे काय बोलली ते त्याच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. तिला आणखी काही सिद्ध करावं लागलं नाही. त्या बसण्यानंच सगळं सांगितलं, आणि तिला वाटलं, भुईनं पोटात घ्यावं.

मग दादाला आजूबाजूचे चेहरे दिसले. तो लंबूला म्हणाला, “काय झालं? काय म्हणाली ही?”

लंबू बाकावरून पुढे आला, त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि ओठ सावकाश हलवत म्हणाला, “दादा, ताई म्हणतात, तुम्हाला ऐकू येत नाही.”

दादानं लंबूच्या हाताच्या पट्टीकडे पाहिलं. उठला तेव्हा त्याचा आवाज नको तितका मोठा होता. तो किती मोठा हे त्याला कळत नव्हतं. “माझं चुकलं ते असं, की मला ऐकू येईनासं झालं हे मला कळत होतं, आणि मी ते झाकलं. झाकल्याचा घाव याच्या हातावर पडला.”

मुकादमानं नाक चोळलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

त्यानंतर मागच्यानं हाकेबरोबर काचेला हिसकाही द्यायचा, असं ठरलं. लंबू बरा होऊन काच वाहू लागला. दादाला काचांना रबराची किनार लावायच्या टेबलावर बसवलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी घरी जाताना दादा नेहमीसारखा पुढे चालत होता. ती मागून म्हणाली, “दादा, रागावलास?” मग तिच्या लक्षात आलं. धावत जाऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली. तो थांबला.

“यापुढे माझ्याशी बोलायचं तर असं समोर येऊन बोल,” तो म्हणाला. “घरात बोललीस तेव्हा समोर होतीस. तेव्हाच ऐकायला हवं होतं मी.”

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग दोघं बरोबरीनं चालू लागली.