आम्ही स्मशान झाडलं

कोर्टाच्या नावाने बोटं मोडायचा मला हक्क आहे की नाही, माहीत नाही. कारण त्या दिवशी झाडू माझ्याच हातात होता.

कळंबच्या पुढे आमची वस्ती. ओढ्यापलीकडची सरकारी जागा म्हणजे आम्हा बौद्ध घरांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं स्मशान. गावाचं वेगळं, नदीकाठी, पत्र्याच्या शेडचं. तिथे आम्हाला कधी कुणी या म्हटलं नाही. आईला आम्ही ओढ्यापलीकडेच अग्नी दिला, आणि तेव्हापासून आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एकच म्हणणं, "मला पन तितंच न्या." आता ते खाटेला खिळलेले आहेत.

मागच्या वर्षी शेजारची जमीन घेतलेल्या रिसॉर्टवाल्याने ही जागाही आपल्याच मोजणीत येते म्हणून सिमेंटचे खांब आणून टाकले. आम्ही कर्जतच्या कोर्टात गेलो. मूळ दाव्याचा निकाल लागायला वर्षं जातील. तोवर त्याने कुंपण घालू नये, एवढा तात्पुरता मनाई हुकूम आम्हाला हवा होता. अर्जावर पहिली सही माझी.

कोर्टाने एका वकिलांना कमिशनर नेमलं. जागा खरंच वापरात आहे का, ते त्यांनी येऊन पाहायचं आणि लिहून द्यायचं. तारीख कळली तशा आम्ही बायका कामाला लागलो. साहेब येणार म्हटलं की आमच्या वस्तीत आधी झाडू निघतो. शाळेचे असोत, दवाखान्याचे असोत, मतं मागायला आलेले असोत, कुणी नाकाला रुमाल लावता कामा नये. आदल्या दिवशी आम्ही राख भरून लांब नेऊन टाकली. अर्धवट जळकी लाकडं, तिरडीचे बांबू, सुकलेले हार, मेणबत्त्यांची बुडखं, सगळं उचललं. काळ्या पडलेल्या जमिनीवर माती ओढली आणि वर सडा घातला. जागा अशी दिसत होती की तिथे लग्नाचा मांडव घालावा. सांगायला लाज वाटते, पण कमरेवर हात ठेवून ते बघताना मला अभिमान वाटला होता.

कमिशनर आले. सोबत रिसॉर्टवाल्याचा वकील. "शेवटचा अंत्यविधी कधी झाला?" त्यांनी विचारलं.

"पंधरा दिवस झाले."

"कुठे?"

मी बोट उचललं, आणि समोर सारवल्यासारखी सपाट जमीन बघून ते कुठे रोखावं तेच कळेना.

"आमी कालच साफ केलं ना ओ सायेब," माझी भावजय कौतुकाने म्हणाली. "तुमी येनार म्हनून."

रिसॉर्टवाल्याचा वकील तोंडावर हात धरून हसला. ते हसू आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. कमिशनर मात्र हसले नाहीत. "मला दिसतं तेच लिहावं लागतं, ताई," म्हणाले.

'सपाट, स्वच्छ, मोकळी जागा. अंत्यविधीच्या खुणा आढळल्या नाहीत.' अहवालातली ही वाक्यं मला पाठ झाली आहेत. आम्ही शपथपत्रं दिली, मृत्यूचे दाखले दिले. त्यात अंत्यविधी कुठे झाला ते कुठे लिहिलेलं असतं! अर्ज नामंजूर झाला. आठवड्याच्या आत खांब उभे राहिले, तारा ओढल्या गेल्या.

"पुरावा झाडून टाकलात तुम्ही," आमचे वकील माझ्यावर खेकसले. बरोबरच होतं त्यांचं. पण माझा राग त्यांच्यावर नव्हता, त्या हसणाऱ्यावरही पुरता नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला घाण म्हणत आलेली जी तोंडं आहेत ना, त्यांच्यावर होता. त्यांच्या धाकाने आम्ही आमची माणसं जाळल्याची राखसुद्धा लपवली. आणि लपवली म्हणून आमची माणसं तिथे जळलीच नाहीत असं ठरलं. आम्ही घाण ठेवली असती तर घाणेरडे ठरलो असतो, स्वच्छ केलं तर खोटे ठरलो. जायचं तरी कुठे?

अर्ज नामंजूर झाल्याचं आबांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. तारा ओढल्या त्या दिवशी मी वकिलांकडून घरी आले. आबा वाटच बघत होते.

"घावला का हुकूम?"

खोटं बोलायचं ठरवूनच आले होते, जमलं नाही. "नाही आबा. त्यांनी कुंपण घातलं. आता वरच्या कोर्टात अपील करायचं."

"त्याला किती दीस लागतील गं?"

"सांगता येत नाही."

आबा माझ्या हातावर थोपटत म्हणाले, "बरं. तवर मी थांबतो."