काखेतली बाटली

ठाकुर्लीला राहायचो तेव्हा थंडीत आमचं खोबरेल तेल गोठायचं. थंडी ती कसली, कपाटातले स्वेटर बाहेर काढण्यापुरती. पण तेलाला तेवढी पुरायची. धाकटी बहीण तान्ही होती. तिची टाळू भरायची, म्हणजे डोक्यावरच्या त्या मऊ, उडत्या जागी तेल जिरवायचं, हे आईचं काम. गोठलेली बाटली काखेत धरून बसायचं, हे माझं.

"गॅसवर ठेव ना," मी कुरकुरायचे.

"बाळाच्या डोक्यावर घालायचंय, भजी तळायची नाहीयेत. अंगाच्या उबेनं वितळलेलं अंगाला सोसतं."

मी कुडकुडत बसायचे आणि मनातल्या मनात बहिणीच्या नावानं बोटं मोडायचे. तेल पातळ झालं की आई पहिला थेंब माझ्याच टाळूवर टेकवायची, मजुरी म्हणून. तेवढ्यावर मी खूश असायचे.

मी आता काय काम करते, हे आईला समजावताना माझी दमछाक झाली. शरीराच्या आत ठेवायचा लेसर आम्ही बनवतो, पेशींमध्ये मावेल आणि त्यांना बाधणार नाही इतका लहान. तो असतो तेलाचा थेंब, निरुपद्रवी रंग मिसळलेला. बाहेरून उजेड टाकला की तो थेंबाच्या कडेकडेनं आतल्या आत फिरतो, जोर धरतो आणि लेसर होऊन बाहेर पडतो. थेंब जरा दाबला गेला तरी त्या उजेडाचा रंग किंचित बदलतो, त्यावरून आतला दाब समजतो.

"तेल कुठलं?" एवढंच आईनं विचारलं. प्रयोगशाळेसाठी खास शुद्ध केलेलं, असं सांगितल्यावर तिनं तोंड वाकडं केलं. मी वर्तकनगरच्या तिच्या घरून निघाले तर पिशवीत खोबरेलाची बाटली. "हे वापर. तुम्हा दोघींना काही बाधलं का?"

मी ते हसण्यावारी नेलं असतं. पण आईला काचबिंदू झालाय. डोळ्यातला दाब वाढून कडेचं दिसणं गेलं, समोरचं तेवढं नळीतून बघावं तसं उरलंय, आणि तेही कमी होतंय. ते संपायच्या आत माझं काम तिनं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, अशी माझी फार इच्छा होती. तिच्याच तेलाचा लेसर दिसला तर आणखी काय हवं!

प्रयोगशाळेच्या एसीत ते तेल गोठलं. थेंब पांढरे, मठ्ठ. उजेड आत शिरेना. मी वैतागून तेलाची कुपी उचलली आणि नकळत काखेत धरली. बरोबरचे सगळे खो खो हसले. मीही हसले, आणि मग मला रडूच आलं. आम्ही थेंब तपासत होतो गार काचेवर, आणि तो ठेवायचा होता शरीरात, जिथं ऊब असतेच. मग अंगाइतक्या उबेत वाढवलेल्या जिवंत पेशींमध्ये तो सोडला. तिथं तो चमकला.

लगेच परवानगी काढून आईला घेऊन आले. पडद्यासमोर बसवलं. ती मान हलवत शोधत राहिली आणि एकदम थांबली. काळ्या पडद्यावर हिरवं कडं होतं.

"अगं बाई, बांगडीच की!" ती खुदकन हसली. मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "हे माझ्या डोळ्यात घालणार ना? मग दिसेल?"

बाटली तिनं कशासाठी दिली होती ते मला आत्ता कळत होतं.

"नाही गं आई. पुढेमागे डोळ्यातला दाब सांगेल कुणाला तरी. गेलेलं परत नाही येत."

"ते डॉक्टर बोललेत मला. आपलं विचारून बघितलं." ती पुन्हा पडद्याकडे वळली आणि बराच वेळ ते कडं बघत बसली. मला मात्र तिच्याकडे बघवेना.

घरी आल्यावर तिनं उरलेल्या तेलाची बाटली मागून घेतली. थंडीचे दिवस, तेल घट्ट झालेलं. तिनं ती काखेत धरली आणि खुर्चीत बसली.

"बस खाली," थोड्या वेळानं म्हणाली.

"आई, केस पांढरे झाले माझे."

"बस म्हणते ना."

मी तिच्या पायाशी बसले. समोर ठेवलेला चहाचा कप हल्ली तिला चाचपडत शोधावा लागतो. माझी टाळू तिला लगेच सापडली.