सवतीच्या नावाने

जैतून परकार दोह्यातल्या एका भारतीय शाळेत आठवीला इतिहास शिकवायची. माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीकडचं. नवरा हमीद मेसईदच्या कारखान्यात फोरमन. १९९९च्या मार्चमध्ये ती मुलांना इंग्रजांच्या काळातली कौन्सिलं शिकवत होती. मत सगळ्यांना नव्हतं; जमीन असेल, सारा भरत असेल, शिकलेला असेल, त्यालाच. पुढे काही बायकांनाही मिळालं, पण बऱ्याच जणींना नवऱ्याच्या जमिनीमुळे.

"मिस, म्हणजे लग्न हेच क्वालिफिकेशन?" अदीबाने इंग्रजीत विचारलं. वर्ग हसला. जैतूनही हसली.

घरी तिची सासू होती, खतिजा. ऐंशी ओलांडलेली. सासरे गेल्यावर हमीदने तिला इकडे आणलं होतं. 'अम्मा' म्हटलं की ती लगेच वळे. पण दवाखान्यात नर्सने 'खतिजा' असा पुकारा केला की आधी दाराकडे बघत राही. दुसरं कुणी उठतंय का, याची वाट पाहिल्यासारखी. मग सावकाश उठे. वयाचं असेल, असं जैतूनला वाटायचं.

त्याच आठवड्यात कतारात नगरपालिकेच्या मंडळाची पहिली निवडणूक झाली. बायकांनाही मत होतं. दुपारी टीव्हीवर बुरख्यासारख्या काळ्या अबायांतल्या बायकांची रांग दाखवत होते. अम्मा तसबीहचे मणी ओढत बसली होती. तिची बोटं थांबली.

"आली गो ती," ती म्हणाली.

"कोण, अम्मा?"

"खतिजा. ती बघ, पाठमोरी."

"खतिजा तर तुम्हीच ना?"

"मी हजरा."

जैतूनने टीव्ही बंद केला. म्हातारी बंद पडद्याकडे बघतच बोलत राहिली.

सदतीस सालची गोष्ट. हमीदच्या वडलांना दोन बायका होत्या, थोरली हजरा आणि नवी आलेली खतिजा. नवऱ्याच्या जमिनीमुळे मत एकीलाच, थोरलीला होतं. हजराच्या सासऱ्यांनी एका उमेदवाराला घरच्या मतांचा शब्द दिला होता आणि नेमका त्याच दिवशी हजराला हिवताप भरला.

"मामू, माझे सासरे, म्हणाले, बुरख्यात कोण बघतोय? धाकटीला पाठवा. ती पोर खूश झाली. तालुका बघितला नव्हता तिने. माझाच बुरखा घातला, माझंच नाव घोकत गेली. हजरा, हजरा. उंबऱ्यातून मला म्हणाली, आज मी तू."

येताना खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. बाकीचे पोहून निघाले. बुरख्यात गुरफटलेली खतिजा सकाळी चिखलात सापडली. पोलीस पाटील पंचनामा करायला आला. तालुक्याला सगळ्यांसमोर मत देऊन आलेली बाई हजरा होती. खोटं मत उघड झालं तर सासरे तुरुंगात जाणार. त्यांनी सांगितलं, थोरली सून गेली, घरात आहे ती धाकटी. गावाने तोंड मिटलं.

"मी आत अंथरुणात. बाहेर माझंच मयत उचलत होते. माझी आई ओटीवर माझ्या नावाने रडत होती, आणि मला बाहेर जायची बंदी."

"आईला नंतर तरी सांगितलं?"

"महिन्याने. तिने मला हात लावून बघितलं. पुढे कधी नावाने हाक मारली न्हाय."

जैतून पुढे सरकली, तिचा हात धरला. "हजराअम्मा," ती हळूच म्हणाली.

म्हातारीने हात झटकला. "त्या नावाने बोलवू नको. ती त्याच नावाने गेलीय. ती येईल."

जैतूनने हमीदला सांगितलं. तो ऐकता ऐकता पांढरा पडला. त्याच्या पासपोर्टवर, निकाहनाम्यावर, सगळीकडे आईचं नाव खतिजा. "भ्रम झालाय तिला," तो म्हणाला. "खलास. हा विषय परत नको."

वर्गात मात्र तिला राहवलं नाही. नावं न घेता तिने ती गोष्ट सांगितली.  मागच्या बाकावरची चुळबुळ थांबली.

"मग ते मत कुणाचं होतं, मिस?" अदीबाने विचारलं. या वेळी मराठीत.

 जैतून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मैदानावर ऊन नुसतं हलत होतं.

त्यानंतर अम्माला पाण्याची धास्ती बसली. बाथटब भरू देईना. नमाजाआधी वुजूला तांब्याभर पाणी घ्यायची, तेही नजर वळवून. दुपारी बेल वाजली की म्हणायची, "उघडू नको. ओला बुरखा असेल." दारात दूधवाला असायचा, नाहीतर शेजारीण. तरी जैतून आधी खाली फरशीकडे बघायला लागली.

पुढच्या थंडीत अम्मा गेली. हमीदने दवाखान्यात नाव सांगितलं, खतिजा. सांगून त्याने जैतूनकडे पाहिलं.  कारकुनाने विचारलं, "नाव बरोबर आहे ना?"

"तेच लिहा," हमीद म्हणाला.

दफन करून पुरुष परतले तेव्हा जैतून अम्माच्या खोलीत नमाजाच्या मुसल्ल्यावर बसली होती. फातिहा पढून तिचं पुण्य कुणाच्या नावाने बख्शायचं ते तिला सुचेना. हमीद दारात थांबला. चपला काढून शेजारी येऊन बसला.

"दोघींच्या नावाने पढ," तो म्हणाला. "दोघी माझ्या आयाच."